शनिवारी न लिहिणाऱ्या बाई

मोझेलबाई पुस्तक उघडायच्या आणि वर्गातले सगळे बाक एकदम करकरायचे. पोरं पुढे झुकायची ना, त्याचा आवाज. लाकूड एकदा लांब कुरकुरायचं आणि मग काहीच नाही. पंख्याची खरखर तेवढी उरायची, आणि ऑक्टोबरातलं ते कढवलेल्या तुपाच्या रंगाचं ऊन, जे आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीच्या जाळीतून चौकोन चौकोन होऊन येतं आणि बरोबर दहा वाजता पहिल्या बाकावर बसतं. त्या उन्हात बाई पुस्तक धरायच्या. चित्र पोरांकडे, पाठ स्वतःकडे, छातीशी, घरी आलेल्या पाहुण्यांना बाळ दाखवतात तसं. पुस्तकाच्या वर फक्त त्यांचा चष्मा दिसायचा आणि चष्म्याच्याही वर पांढऱ्या केसांचा मधोमध पाडलेला भांग, कोणी पट्टी लावून आखल्यासारखा.

मी मागच्या बाकावर बसून जळत असायचो.

हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की हा बाईंचं कौतुक करतोय. मी नकला करणारा माणूस. ह्याच शाळेत शिकलो, इथल्याच बाकांवर उभं राहून मार खाल्ला, आणि आता इथेच मानधनावर चौथीला शिकवतो, ह्याच पोरांबरोबर दुसरीपासून वर चढत. मला हेडबाईंचा आवाज येतो, घसा आधी साफ करून मग रागावणारा. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला येतो, "करंजाडे करंजाडे, एक सीट, बसा ताई, एकच सीट." डोक्यावरून नव्या विमानतळाकडे उतरणारं विमान येतं, आणि ते गेल्यावर भुंकणारी शिपाईमामांची कुत्रीसुद्धा. शनिवारी आमच्याकडे दप्तर आणायचं नसतं, एक वही तेवढी, आणि शनिवारचा शेवटचा तास मौजेचा असतो. तो तास माझा होता. दोन वर्षं माझा होता. पोरं हसून हसून बाकाखाली जायची आणि मी फळ्यासमोर उभा राहून पुढच्या आवाजाची जुळवाजुळव करायचो. मला वाटायचं, ह्याहून जास्त एका माणसाला काय पाहिजे?

मग जून संपता संपता ह्या बाई आल्या.

बँकेतून रिटायर झालेल्या. गावातल्याच, जुन्या पनवेलच्या गल्लीतल्या, आडनाव आमच्यासारखंच 'कर' लावलेलं. कोकणातले यहुदी. हेडबाईंच्या खोलीत त्यांनी स्वतःची ओळख करून दिली ती मी दाराआडून ऐकली, कारण ऐकणं हा माझा धंदाच आहे. "आम्ही शनवार तेली हो," बाई हसून म्हणाल्या, "शनिवार आमचा विसाव्याचा वार, पूर्वी त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे आमचे लोक. मी बँकेत मात्र सगळे शनिवार सह्या केल्या. आता नाही. आता शनिवारी पेन हातात धरत नाही. मुलांना चित्रांची पुस्तकं दाखवीन, पण लिहिणार नाही. चालेल का?"

हेडबाईंनी घसा साफ केला. "लेखनाचा तास, आणि तुम्ही लिहिणार नाही?"

"मुलं लिहितील ना."

आणि माझा तास अर्धा झाला.

बाई शनिवारी प्रार्थना आटपून चालत यायच्या, रिकाम्या हातांनी. पर्स नाही, पाण्याची बाटली नाही, छत्रीसुद्धा नाही; शनिवारी घराबाहेर काही वाहून न्यायचं नाही, हाही त्यांचा नेम. भर जुलैत त्या ओल्या पायांनी वर्गात आल्या आणि पदराने चष्मा पुसला, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "बाई, छत्री?" तर म्हणाल्या, "अरे, भिजले तर वाळेन की." पुस्तकं त्या शुक्रवारीच, घरी दिवे लावायच्या वेळेच्या आत, शाळेत आणून कपाटात ठेवून जायच्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे. म्हणजे बघा, ज्या गोष्टीने माझं घर जळत होतं तिच्यावर पहारा मलाच.

त्या रिकाम्या हातांकडे मी फार बघितलंय. त्या अर्ध्या तासात बाईंचा उजवा हात नुसता स्वस्थ बसायचा नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं एकमेकांवर हलकेच घासत राहायची, मधे पेन असल्यासारखी. पोरांचं लक्ष चित्राकडे, म्हणून त्यांना हे कधी दिसलं नसेल. मला दिसलं. मला वाटतं त्या वर्गात बाईंकडे बघणारा मी एकटाच होतो. प्रेमाने माणूस जेवढं बघत नाही तेवढं जळून बघतो. त्यांच्या डाव्या हाताची नस कुठे फुगते, 'अच्छा' म्हणताना त्यांचा आवाज शेवटी किती खाली उतरतो, वाऱ्याबरोबर तळोज्याच्या कारखान्यांकडून तो औषधी वास आला की त्या नाकाला पदर लावत नाहीत, फक्त एक श्वास जरा उशिरा घेतात, हे सगळं मला पाठ होतं. घरी आरशासमोर मी मोझेलबाई करायचो. आई म्हणायची, "कोण रे ही नवीन? छान आहे गं बाई." आईलासुद्धा आवडल्या!

आता त्या करायच्या काय ते सांगतो, म्हणजे माझं दुखणं कळेल.

समजा चित्रात एक घर आहे. पानभर घर, बाकी एक अक्षर नाही. कोणीतरी हात वर करून म्हणायचं, "बाई, घर सुंदर आहे."

"मला दिसत नाही रे," पुस्तकामागून बाई. "माझ्याकडे पाठ आहे त्याची. तुला दिसतंय. सुंदर हा शब्द खिशात ठेव, काकाच्या लग्नात वापर. आता सांग, काय दिसतंय?"

"खिडक्या."

"उघड्या का बंद?"

"पडदे ओढलेत."

"अच्छा. आणि ऊन?"

"ऊन हाय, बाई. लय हाय. गच्चीवर चटका बसंल असं." हा रोशन. उरण रोडवरच्या गावातून येतो, शेतीवाल्यांचा पोरगा, बोलतो तसंच लिहितो, आणि पहिलीपासून प्रत्येक वहीत लाल रेघांखाली दबलेला.

"म्हणजे ऊन आहे आणि पडदे ओढलेत. का बरं?"

मग ते व्हायचं. बाई काही बोलायच्या नाहीत. वर्गही नाही. ऊन पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर सरकायचं. मी अशा वेळी दहा सेकंदांच्या वर गप्प राहू शकत नाही, माझ्या तोंडातून काहीतरी निघतंच, कोंबडा तरी. पण बाई थांबायच्या, तव्यावरची भाकरी आपली आपण फुगेपर्यंत थांबतात तशा. आणि त्या थांबण्यातून एकदा सानिका उठली. सानिका म्हणजे जिला मी दोन वर्षांत नावापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्या नकलांना ती हसायची, पण तोंडावर हात ठेवून. तिचे वडील तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळीला.

सानिका म्हणाली, "ह्या घरात दुपारी पण हळू बोलतात."

बाईंची बोटं घासायची थांबली. "परत सांग," त्या म्हणाल्या. सानिकाने परत सांगितलं. बाईंनी डोळे मिटले, वाक्य गिळल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "आता तू लिही. मी लक्षात ठेवलंय."

हे होतं त्यांचं. स्वतः लिहायचं नाही म्हणून त्या लक्षात ठेवायच्या. वही नाही, मोबाईल नाही, फळ्यावर रेघ नाही. आणि पुढच्या शनिवारी आल्या आल्या, बसायच्याही आधी, रिकाम्या हातांनी दारात उभ्या राहून पोरापोराला त्याचं वाक्य परत द्यायच्या. शब्दाला शब्द. "रोशन, तुझा बगळा: 'तो उडणार नाय. त्याला म्हाईत हाय, आमी बघतोय.'" रोशनचं हाय ते हायच, नाय ते नायच. त्याच्या वाक्यावर लाल रेघ न मारता कोणी ते पहिल्यांदाच उच्चारलं होतं. पोरगं कानापर्यंत लाल झालं. त्या दिवसानंतर त्याने वही स्वतःहून बाईंपुढे करायला सुरुवात केली, आणि मला, त्याच्या वर्गशिक्षकाला, त्याच्या वहीत काय चाललंय ते शेजारच्या बाकावरून मान लांब करून वाचायला लागलं.

मी पण पोरांचं लक्षात ठेवतो ना! रोशन कसा बोलतो, कुठे अडतो, 'स'च्या आधी जीभ कशी दाताला लावतो, सगळं येतं मला. वर्गात करून दाखवलं की हशा पिकतो. रोशनही हसायचा. आता विचार केला तर तो जरा उशिरा हसायचा.

सप्टेंबरात मी एक गोष्ट केली. सोमवारी कपाट उघडलं, बाईंचं एक पुस्तक काढलं आणि माझ्या मराठीच्या तासाला लावलं. पावाच्या भट्टीचं चित्र होतं. मी भट्टीवाल्याचा आवाज काढला, गिऱ्हाइकाचा काढला, पावाचाही काढला. "अगं आई गं, भाजलो!" पोरं लोळली. मी पण घाम पुसला आणि रुबाबात म्हणालो, "चला, आता चित्राचं वर्णन लिहा बघू." वीस मिनिटांनी वह्या गोळा केल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एकच होतं: सरांनी आज खूप हसवले. सरांनी पावाचा आवाज काढला. सर खूप छान आहेत.

भट्टी नाही. धूर नाही. पाव नाही. चित्रावर मीच उभा होतो.

शनिवारी बाईंनी तेच पुस्तक उघडलं, आणि पाचव्या मिनिटाला मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "पावाला घाम आलाय." मी शपथेवर सांगतो, मला तेव्हा रडू येत होतं आणि मी मांजराचा आवाज काढला.

एकदाच मी त्यांच्या तासाला चित्राबद्दल काही बोललो. चित्र होतं एका मोठ्या दिवाणखान्याचं, मधे गालिचा, आणि खुर्च्या सगळ्या भिंतीला लावलेल्या. पोरं अडली होती. मी मागून हात वर केला आणि हेडबाईंच्या आवाजात, घसा साफ करून, म्हणालो, "ह्या खोलीत सगळे आहेत, पण कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही." वर्ग फुटला. बाईंनी पुस्तकावरून माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. 'परत सांग' म्हणाल्या नाहीत. मला आतल्या आत माहीत होतं की वाक्य चांगलं आलंय. वाट बघितली मी. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांची वाक्यं परत दिली आणि माझं दिलं नाही.

दिवाळीच्या आधी हेडबाईंनी आम्हाला दोघांना बोलावलं. "अर्धा तास तुम्ही, अर्धा तास हा, ह्यात मुलांचं ना धड हसणं होतंय ना धड लिहिणं. एकाला पूर्ण तास देऊन टाकते. केंद्रप्रमुख साहेब येतायत ह्या शनिवारी. ते बघतील, मग ठरवू." बाई म्हणाल्या, "त्यालाच द्या की, तरुण आहे." असं म्हणाल्या की माणसाला जास्त राग येतो. मला तो तास पाहिजे होता, पण कोणी उदार होऊन दिलेला नको होता. जिंकायचा होता.

म्हणून मी जे केलं ते केलं.

साहेब आले. मागे, माझ्याच बाकावर, माझ्या शेजारी वही उघडून बसले. बाहेर पाऊस सरून गेल्यानंतरची ती स्वच्छ सकाळ होती, जेव्हा कर्नाळ्याचा सुळका हात लांब केला तर लागेल इतका जवळ येतो. बाईंनी पुस्तक उघडलं, बाक करकरले. सगळं नेहमीसारखं सुरू झालं. आणि मी उठलो, फळ्याकडे गेलो, खोक्यातून नवा कोरा खडू घेतला आणि चेहऱ्यावर सगळ्यात गुणी पोराचा भाव आणून बाईंसमोर धरला.

"बाई, साहेबांना फळ्यावर एक नमुना वाक्य लिहून दाखवा ना. म्हणजे त्यांना पद्धत कळेल."

मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं.

बाईंनी खडूकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या नजरेत तक्रार असती तर मी तिची नक्कल करून ती विसरलो असतो. तक्रार नव्हती. चित्राकडे बघतात तसं त्यांनी मला बघितलं, घाई न करता, ऊन कुठे आहे, सावली कुठे आहे. माझ्या हातातला खडू घामाने ओला झाला.

तिसऱ्या बाकावरून रोशन म्हणाला, "सर, बाई शनवारी लिवत नाय. तुमाला म्हाईत हाय ना?"

ते 'ना' मला अजून टोचतं. त्याला खरंच वाटत होतं की सर विसरले.

साहेबांनी वही मिटली. "म्हणजे? बाई लिहीत नाहीत? मग मुलांचं काम कुठे नोंदवता तुम्ही?"

"असं कुठे नाही नोंदवलं," बाई म्हणाल्या. पुस्तक मिटून त्यांनी टेबलावर ठेवलं, पालथं. मग पहिल्या बाकापासून सुरुवात केली. बोटही दाखवलं नाही, फक्त त्या पोराकडे बघायच्या आणि वाक्य म्हणायच्या. "'शिडी दमलीये म्हणून भिंतीला टेकलीये.' 'नदीने आज भांग पाडला नाही.' 'ह्या आजोबांचा सदरा त्यांच्यापेक्षा मोठा आहे, कारण आजोबा कमी झालेत.' 'पावाला घाम आलाय.'" जुलैतली, ऑगस्टमधली, गणपतीच्या सुट्टीआधीची. एकेक वाक्य एकेका बाकावर जाऊन बसत होतं, आणि ज्याचं त्याचं आलं की ते पोर पाठ सरळ करायचं, जणू कोणी मागून पाठीवर हात ठेवलाय. सानिकापाशी बाई जरा हळू झाल्या. "'ह्या घरात दुपारी पण हळू बोलतात.'" सानिकाने तोंडावर हात ठेवला नाही. ती सरळ साहेबांकडे बघत होती.

आख्खा वर्ग झाला. मग मागचा बाक. मागच्या बाकावर साहेब, आणि त्यांच्याशेजारी माझी रिकामी जागा. मी फळ्यापाशी खडू धरून उभा. माझी पाळी आली असं मला वाटलं. खरंच वाटलं. एखाद्या चौथीतल्या पोरासारखी मी पाठ सरळ केली.

"संपलं," बाई म्हणाल्या.

साहेब उठले. जाताना त्यांनी दारात थांबून सानिकाला विचारलं, "ते घर कुणाचं आहे ग?" सानिका म्हणाली, "चित्रातलं." आणि मग, "आमचं पण."

तास बाईंना मिळाला. पूर्ण.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्यांना गेटपाशी गाठलं. माफी मागायला नाही. मला एवढंच विचारायचं होतं. "बाई, माझं वाक्य राहिलं. खुर्च्यांचं. मी पण म्हटलं होतं."

"तुझं?" बाई थांबल्या. अंगठा आणि दोन बोटं घासायला लागली. "अरे नकल्या, तुझं कुठलं? ते तर हेडबाईंचं होतं ना?" आणि हसल्या. पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. पुढचा एक दात जरा वाकडा होता, तो मी तोवर बघितलाच नव्हता, एवढं बघून. मग त्या वडाळे तळ्याच्या बाजूने चालत गेल्या, हात मोकळे, पदर खांद्यावर घट्ट, आणि पाण्यावरचा उजेड त्यांच्या पाठीवर हलत राहिला.

मी गेटपाशी उभं राहून त्यांच्याच आवाजात म्हणालो, "तुझं कुठलं?" अगदी हुबेहूब आलं. ऐकायला कुत्री होती.

थंडीत बाई गेल्या. म्हणजे देवाघरी नाही हो, लेकीकडे, इस्रायलला. कायमच्या. इथे प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात, ते आता जमत नाहीत, असं त्यांनी हेडबाईंना सांगितलं. मला काही सांगितलं नाही. एका शुक्रवारी त्या पुस्तकं ठेवायला आल्या, कपाटात नीट रचली, किल्ली माझ्याच हातात राहू दिली आणि कपाटाचं दार लोटताना म्हणाल्या, "ही राहू देत. पाठ आपल्याकडे करून धर. आणि गप्प बस रे जरा."

तास मला परत मिळाला. ज्याच्यासाठी मी खडू धरला होता तो, आख्खा, दिवाळीच्या पाहुण्यांनी विसरलेल्या डब्यासारखा आपोआप घरी आलेला.

मी तो मोझेलबाई होऊनच घेतला. दुसरं येतं काय मला? चष्मा नव्हता, पण चष्म्यावरून बघितलं. बोटं घासली. 'अच्छा' शेवटाला खाली उतरवलं. फळ्याला हात लावला नाही, मला शनिवार पाळायचं काही कारण नसताना. पोरं आधी हसली, मग, मला वाटतं आवाज बाईंचा होता म्हणून, बोलायला लागली. छान बोलली. चित्र होतं डोंगरातल्या रस्त्याचं. मी डोळे मिटून वाक्यं गिळल्यासारखी केली. "आता लिही. मी लक्षात ठेवलंय."

पुढच्या शनिवारी मी दारात उभा राहिलो, रिकाम्या हातांनी. पोरं बघत होती. मी रोशनकडे वळलो आणि सुरू केलं. 'हाय' अगदी त्याचं, जीभ दाताला बरोबर लागली, आवाजाची कड जिथे फुटते तिथेच फुटली. "'ह्यो रस्ता खाली जातंय, पण त्याला वर जायाचं हाय.'"

वर्गात कोणी हसलं नाही. रोशन उठला. चिडला नव्हता, उलट मला सांभाळून घेत होता.

"आवाज माजाच हाय, सर," तो म्हणाला. "पण असं मी नाय बोललो."

खरंच, मी वाक्य ऐकलंच नव्हतं. मी त्याची जीभ ऐकली होती, त्याचं अडणं ऐकलं होतं, आणि आत वाक्याच्या जागी जे सुचलं ते भरून टाकलं होतं.

"त्याचं असं होतं," सानिका बसल्या बसल्या म्हणाली. "'रस्ता डोंगराला इचारून इचारून वळतंय.'" तिने हात वर केला नव्हता. मग रोशनने तिच्या पुढच्या बाकावरच्याचं सांगितलं. त्याने पलीकडच्याचं. कोणी कोणाची नक्कल करत नव्हतं. प्रत्येक जण आपल्याच आवाजात दुसऱ्याचं वाक्य म्हणत होता, अलगद, हातात भरलेला ग्लास असल्यासारखं. पुस्तक माझ्या छातीशी होतं, पाठ माझ्याकडे, आणि माझ्याशिवाय सगळं चाललं होतं. एवढे महिने मला वाटत होतं की पोरं चित्र बघतायत. ती एकमेकांचं ऐकत होती, आणि ते कसं करायचं ते बाईंनी एकदाही न सांगता त्यांना येऊन गेलं होतं.

फेरी पूर्ण झाल्यावर सानिकाने विचारलं, "सर, तुमचं?"

माझं तोंड उघडलं. रिक्षावाला आला, हेडबाई आल्या, विमान आलं, मोझेलबाई तर ओठांवरच होत्या. मी एकेकाला परत पाठवलं. फार वेळ गेला. दहा सेकंदांच्या कितीतरी वर गेला. पोरं थांबली. ऊन पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर सरकलं. मग मी चित्र माझ्याकडे वळवलं, डोंगर बघितला, रस्ता बघितला, आणि जे दिसलं ते म्हणालो. आवाज जरा बारीक आला. माझा आवाज एवढा बारीक आहे हे मला माहीत नव्हतं.

"रस्त्यावर कोणी नाहीये," मी म्हणालो, "पण धूळ अजून खाली बसलेली नाही."

रोशनने मान हलवली. "परत सांगा, सर," सानिका म्हणाली. मी परत सांगितलं. पोरांनी लिहून घेतलं, काहींनी नुसतं ऐकून घेतलं, आणि घंटा झाली.

मला आता बाईंचा राग येत नाही. हेवा मात्र गेला नाही. त्याने फक्त घर बदललंय. आता मला हेवा वाटतो तो ह्या पोरांचा. कुठल्यातरी परक्या गावात, समुद्रापलीकडे, शनिवारची सकाळ होत असेल, आणि एक बाई काही न लिहिता बसली असेल. तिच्या मनात दमलेली शिडी असेल, घामेजलेला पाव असेल, पनवेलच्या एका घरातली हळू बोलायची दुपार असेल. ही पोरं मोठी होतील, आवाज फुटतील, त्यांची वाक्यं त्यांनाच आठवणार नाहीत, तरी ती तिकडे असतील, जिथवर बाई आहेत तिथवर. माझं एकच वाक्य माझं होतं, आणि ते मी बाई गेल्यावर बोललो. माणूस दूर गेला की आपण म्हणतो, त्याची आठवण येते. पण खरं दुखतं ते दुसरंच. आपण अजून जे बोललोही नव्हतो, ते ऐकून घेणारं माणूस आपल्याआधी निघून गेलेलं असतं.